पाठीच्या कण्याचे गणित

बोरेली नावाचा इटालियन गणिती १६७९ सालच्या शेवटच्या दिवशी वारला. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, १६८०-८१ मध्ये छापून निघाला. त्यात त्याने कण्याला तरफांचा हिशेब लावला आहे. उत्तर असे निघाले, की हमाल जेवढे ओझे उचलतो त्याच्या कितीतरी पट जोर त्याच्या पाठीचे स्नायू आणि मणक्यांमधल्या गाद्या सोसतात. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' यायला तेव्हा अजून काही वर्षे होती, बरं का!

मी इतिहासाचा मास्तर, गणितात जेमतेम पास. तरी हे वाचत बसलो, कारण धाकट्या बहिणीचे दुखणे. घरच्यांना ते ठाऊक आहेच. कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडायचे की थांबायचे, असा प्रश्न आहे. भाचा म्हणाला, "मामा, हल्ली कॉम्प्युटरवर कणा तयार करून कुठलं ऑपरेशन बरं ते आधीच काढतात म्हणे." म्हटले, बघू तरी.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ सालची. न्यूयॉर्कमध्ये ॲल्बी आणि हिब्ज या दोघांनी आपापल्या परीने ती केली, तीही मणक्यांच्या क्षयासाठी. कंबरदुखीसाठी ती नंतर आली. पण साखळीतली एक कडी बंद केली की शेजारच्या कड्यांचे काय? ते मोजायचे कसे? १९६० च्या दशकात नाखेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. असे किती जणांना टोचणार!

इथे विमाने मदतीला आली. पंखावरचा ताण काढण्यासाठी अभियंत्यांनी १९५६ मध्ये एक युक्ती छापली. पंखाचे छोटे छोटे तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचे सोपे गणित करायचे आणि सगळी समीकरणे एकदम संगणकाकडे द्यायची. क्लफ यांनी १९६० मध्ये तिला 'फायनाइट एलिमेंट' असे नाव दिले. १९७२ मध्ये ती मांडीच्या हाडाला लावली गेली, १९७४ मध्ये मणक्यांमधल्या गादीला. सोय मोठी झाली. प्रेताचा कणा एकदा कापला की कापला, पण संगणकातल्या त्याच कण्यात आज स्क्रू बसवा, उद्या ते काढून कृत्रिम गादी घाला.

ही कृत्रिम गादीही मजेची. पूर्व बर्लिनमध्ये १९८४ साली ती माणसात प्रथम बसवली गेली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी एक कारिन ब्यूटनर-यान्त्स, म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकलेली मुलगी. जिने कणा एवढा वाकवला, तिला तो जोडून टाकणे पटले नसावे. (हा माझा तर्क.) अमेरिकेत तिला २००४ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी आलेल्या संगणकी तुलनेत शेजारच्या मणक्यांवरचा भार कमी दिसला, पण जिथे गादी बसवली तिथल्याच मागच्या छोट्या सांध्यांवर तो वाढला. एकीकडचे ओझे दुसरीकडे!

आणि खरी मेख पुढे आहे. येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांनी म्हटले, की मणके जोडल्यावरही माणूस चप्पल उचलायला तेवढाच वाकणार, असे धरून तपासा. तसे धरले की शेजारच्या मणक्यांना जास्त हलावे लागते. उलट 'जोर तेवढाच लावला' असे धरले तर त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे कणा तोच, शस्त्रक्रिया तीच, आणि प्रश्न बदलला की उत्तर बदलले. आम्हा इतिहासवाल्यांना हे काही नवीन नाही.

२०१४ मध्ये वेगवेगळ्या गटांची आठ मॉडेले एकाच परीक्षेला बसवली. उत्तरे वेगवेगळी आली, पण आठांमधले मधले उत्तर घेतले तर ते प्रत्यक्ष मोजमापाशी बऱ्यापैकी जुळले. त्या आठांत दुखणे मात्र कुठेच नव्हते. ताण आहे, दाब आहे, अंश आहेत. रात्री कूस बदलताना बहीण विव्हळते, त्याला समीकरण नाही.

भाच्याला एवढेच सांगितले, की डॉक्टरांना विचार, जोडायच्या मणक्यांच्या वरची गादी आज कशी आहे, आणि आई दिवसातून किती वेळा वाकते तेही त्यांना सांग. एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे.