विजेचा हिशेब मांडणारा शिक्षक

जर्मनींतील एर्लांगेन गांवीं एक कुलूपकार राहत असे. शाळेचें शिक्षण त्यास लाभलें नव्हतें. परंतु स्वकष्टानें तो गणित शिकला व आपल्या मुलांसहि त्यानें तें शिकविलें. त्यांपैकीं गेओर्ग सिमोन ओम याचा जन्म १७८९ सालीं झाला. १८१७ सालीं तो कोलोन येथील एका शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवूं लागला. अध्यापनांतून उरलेला वेळ तो शाळेच्या प्रयोगशाळेंत घालवी.

व्होल्टाचा विद्युत्घट १८०० सालीं जगापुढें आला होता. वाहत्या विजेजवळ चुंबकसूचि वळते, हें ओर्स्टेडनें १८२० सालीं दाखविलें, तेव्हां प्रवाह मोजण्याचा मार्ग सांपडला. तार लांब केली असतां प्रवाह किती क्षीण होतो, हा ओमचा प्रश्न होता. १८२५ सालीं त्यानें एक सूत्र प्रसिद्ध केलें. तें चुकीचें ठरलें. याचें मुख्य कारण घटाची चंचलता. तार जोडतांच घटाचा जोर उसळे आणि लगेच ओसरे. तार बदलावी, तों दाबहि बदललेला असे. मग तारेचा विरोध किती, हें कळावें कसें?

पोगेनडॉर्फ या संपादकानें त्यास उष्णतेपासून वीज उत्पन्न करणारा जोड वापरण्याचें सुचविलें. ओमनें बिस्मथ व तांबें यांचे दोन सांधे केले; एक उकळत्या पाण्यांत ठेवला, दुसरा बर्फांत. दोहोंचें तपमान ढळत नाहीं, म्हणून विजेचा दाबहि स्थिर राहिला. नंतर सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत, त्यानें क्रमानें जोडून पाहिल्या. तार दुप्पट लांब केली तरी प्रवाह नेमका निम्मा होत नसे. कारण बाकीच्या जोडणीचाहि कांहीं विरोध असतो. तो तारेच्या विरोधांत मिळवितांच हिशेब जुळला. दाबास एकूण विरोधानें भागिलें कीं प्रवाह मिळतो, हा नियम १८२६ सालीं सिद्ध झाला.

१८२७ सालीं बर्लिन येथें त्याचा ग्रंथ निघाला. परंतु स्वदेशीं त्याची उपेक्षाच झाली. निराश होऊन ओमनें कोलोनची नोकरी सोडली व पुढें कित्येक वर्षें ओढगस्तींत काढलीं. १८३३ सालीं त्यास न्यूरेंबर्ग येथें अध्यापकाची जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला. म्यूनिक विद्यापीठांतील प्राध्यापकपद हातीं आलें तें १८५२ सालीं. आणि दोनच वर्षांनीं त्याचा अंत झाला.

१८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्परिषदेनें दाबास व्होल्ट, प्रवाहास अँपियर व विरोधास ओम हीं परिमाणें मान्य केलीं. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ४६० ओम विरोधाच्या उपकरणांतून त्या दाबानें अर्धा अँपियर प्रवाह वाहतो. दोन उघड्या तारा एकमेकींस चिकटल्या कीं विरोध जवळजवळ नाहींसा होतो, प्रवाह भयंकर वाढतो आणि फ्यूज वितळतो. हा इशारा ओमच्या त्याच भागाकारांत आहे. आपलें पहिलें सूत्र चुकलें हें मान्य करून त्यानें प्रयोग नव्यानें मांडला, म्हणूनच तो भागाकार जगाच्या हातीं आला.