शुद्धीत आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? मद्यधुंद चालक आणि श्वासाच्या पुराव्याचा इतिहास

सप्टेंबर १८९७. लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर एक टॅक्सी भरकटली आणि एका इमारतीवर जाऊन आदळली. टॅक्सी पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालणारी होती. चालक जॉर्ज स्मिथ, वय अवघे २५. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला चालक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

त्या काळी इंग्लंडमध्ये यासंबंधीचा कायदा होता तो १८७२ चा. बग्गी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना नशेत असणे हा त्यानुसार गुन्हा होता. मोटारीचा त्यात उल्लेख असणे शक्यच नव्हते. मात्र एक फरक कायद्याच्या नजरेतून निसटला होता. बग्गीवाला कितीही प्यालेला असला, तरी त्याचा घोडा शुद्धीवर असे आणि बहुधा घरची वाट त्याला ठाऊक असे. मोटारीत शुद्धीवर राहण्याची जबाबदारी एकट्या माणसावर आली.

पण ‘नशेत’ म्हणजे नेमके काय? कायद्याने व्याख्या दिली नव्हती. पोलिसांनी बोलावलेला डॉक्टर आरोपीला सरळ रेषेवर चालायला लावी, जमिनीवरचे नाणे उचलायला सांगी, ‘ब्रिटिश कॉन्स्टिट्यूशन’सारखे जीभ अडखळवणारे शब्द उच्चारायला लावी. मुरलेला मद्यपी या परीक्षेत सहज उत्तीर्ण होई, तर भेदरलेला निर्व्यसनी माणूस अडखळे. १९३० च्या ब्रिटिश कायद्याने ‘वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ’ अशी कसोटी आणली खरी. पण ती असमर्थता मोजायची कशी, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर प्रयोगशाळेतून आले. स्वीडनच्या लुंड येथील एरिक विडमार्क याने रक्ताच्या काही थेंबांवरून अल्कोहोल मोजण्याची पद्धत १९२२ मध्ये मांडली. त्या आधारे नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातील अल्कोहोलची मर्यादाच कायद्यात लिहिली : ०.०५ टक्के. ‘झिंगलेला’ या विशेषणाच्या जागी प्रथमच एक आकडा आला.

तरीही भर रस्त्यात रक्त काढणे अवघडच. येथे शरीररचना मदतीला आली. फुप्फुसांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. रक्तातील अल्कोहोल तो ओलांडून श्वासात उतरते. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे १ मिलिलिटर रक्तात, असे गणित गृहीत धरले गेले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गर याने १९३० च्या दशकात ‘ड्रंकोमीटर’ बनवला. चालकाने फुगा फुगवायचा आणि तो श्वास पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायचा. अल्कोहोल असेल तर रंग उडे. १९५४ मध्ये त्याच राज्याच्या पोलीस दलातील रॉबर्ट बोर्कनस्टाइन याने ‘ब्रेथलायझर’ घडवला. त्यात रंगातील बदल मोजण्याचे काम यंत्र करी, माणसाच्या नजरेवर ते सोपवलेले नव्हते.

यंत्रापेक्षाही मोलाचे ठरले ते बोर्कनस्टाइनचे मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरातील संशोधन. अपघातात सापडलेल्या चालकांचे श्वास त्याच्या पथकाने तपासलेच. शिवाय तशाच ठिकाणी, तशाच वेळी सुखरूप जाणाऱ्या हजारो चालकांचेही तपासले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेने दाखवले, की ०.०८ टक्क्यांच्या पुढे धोका झपाट्याने चढत जातो. ‘मी पिऊनही उत्तम चालवतो’ या फुशारकीला मिळालेले हे पहिले भक्कम उत्तर.

ब्रिटनमध्ये १९६६ या एका वर्षात ७,९८५ माणसे रस्त्यांवर मेली. तेव्हा वाहतूक मंत्री होत्या बार्बरा कॅसल, आणि त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती! पुरुषांच्या गुत्त्यांवर घाला घालणारी बाई म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, धमक्याही आल्या. कोणालाही वाटेल तेव्हा थांबवून तपासण्याची तरतूद विरोधामुळे सोडून द्यावी लागली. मात्र ९ ऑक्टोबर १९६७ पासून १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा अमलात आली. पहिल्या १२ महिन्यांत मृत्यू १,१५२ ने घटले. हे श्रेय शिक्षेपेक्षा भीतीचे अधिक, असेच म्हणावे लागते. कारण पकडले जाण्याची शक्यता फारशी नाही हे चालकांच्या लक्षात येताच परिणाम ओसरू लागला.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ब्रिटिशांची तीच जुनी कसोटी जवळपास जशीच्या तशी उतरली होती. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि १९७१ च्या निकालसंग्रहात आलेल्या एका अपघात खटल्यात तिची मर्यादा उघडी पडली. तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्याने नशा सिद्ध होत नाही. रक्ताची किंवा लघवीची तपासणी का केली नाही, असे न्यायालयाने सुनावले. १९८८ च्या कायद्यातील कलम १८५ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने आकडा आला : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ब्रिटनच्या निम्म्याहूनही कमी.

आकडा मिळाल्यावर वाद संपायला हवा होता. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. झोपलेली सात माणसे ठार झाली, आठ जखमी झाली. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडले, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. तरीही सत्र न्यायालयात तो निष्काळजीपणाच ठरला आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ही शिक्षा अपुरी असल्याचे नमूद करूनच, ती कायम ठेवली.

मेलेली माणसे मजूर होती. त्याच रस्त्याच्या दुरुस्तीच्या कामासाठी कंत्राटदाराने त्यांना आणले होते आणि त्यांच्या झोपड्या पदपथावरच बांधून दिल्या होत्या.