शिकारपूरहून मुंबईच्या कोर्टात

टिटवाळ्याहून कल्याणकडे निघालेली गाडी आंबिवली सोडते आणि शहाडला थांबते. आपल्यापैकी पुष्कळांनी येथे उतरून उल्हासनगरच्या बाजारातून कापड आणले असेल, घरातील कपाट किंवा पलंग आणला असेल आणि भाव करताना सिंधी दुकानदाराशी हुज्जतही घातली असेल. गावातील वृद्ध माणसे अजूनही त्या वस्तीला कल्याण कॅम्प म्हणतात. कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार असे पत्ते आजही सांगितले जातात. लढाई संपून इतकी वर्षे झाली, पण लढाईने दिलेले आकडे काही गेले नाहीत.

ही छावणी दुसऱ्या महायुद्धात बांधली गेली. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहू शकतील अशी तिची योजना होती. बराकी दोन हजारांहून अधिक. युद्ध १९४५ मध्ये संपले, सैन्य निघून गेले आणि बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित भरले. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे, आणि मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचा किंवा लुगड्याचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव फार चांगले निवडले, यात शंका नाही. त्या पडद्याआड राहणाऱ्यांच्या मनात त्या वेळी उल्हास किती होता, हा प्रश्न निराळा.

याच लोंढ्यातून आलेल्या एका वकिलाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. राम जेठमलानी हे नाव आपण वर्तमानपत्रांत इतके वाचले आहे की ते मुळात निर्वासित होते, हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ रोजी सिंधमधील शिकारपूर येथे झाला. शिकारपूर हे जुन्या सावकारांचे गाव. तेथील हुंडी मध्य आशियापर्यंत चालत असे. वडील वकील, आजोबाही वकील. मुलगा शाळेत दोनदोन इयत्ता एकदम ओलांडून तेराव्या वर्षी मॅट्रिक झाला आणि सतराव्या वर्षी कराचीच्या शहानी लॉ कॉलेजातून कायद्याचा पदवीधर. आता अडचण अशी की सनद मिळण्यास एकवीस वर्षे पुरी व्हावी लागत. तेव्हा या मुलाने सिंधच्या मुख्य न्यायालयात सर गॉडफ्रे डेव्हिस यांच्यापुढे स्वतःचेच गाऱ्हाणे मांडले. नियमाला अपवाद करण्यात आला आणि अठराव्या वर्षी त्याच्या अंगावर काळा डगला चढला. वकिलाचा पहिला अशील तो स्वतःच होता असे म्हणावयास हरकत नाही.

येथे थोडे थांबले पाहिजे. जेठमलानींच्या चरित्रात या काळाची जी वर्षे भरभर उलटली जातात, ती सिंधच्या इतिहासात फार जड आहेत. युद्ध चालू होते. हूर बंडाच्या निमित्ताने जून १९४२ मध्ये सिंधच्या मोठ्या भागात लष्करी कायदा पुकारला गेला. हूरांचे पुढारी पीर पगारो यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले आणि मार्च १९४३ मध्ये फाशी दिले. ऑक्टोबर १९४२ मध्ये शिकारपूरच्या शेजारच्या सक्खर येथे हेमू कलानी नावाचा विद्यार्थी रेल्वेचे रूळ उखडताना पकडला गेला. त्या मार्गाने लष्कराची गाडी जावयाची होती. साथीदारांची नावे त्याने सांगितली नाहीत. त्याचाही न्याय लष्करी न्यायालयात झाला आणि २१ जानेवारी १९४३ रोजी तो फाशी गेला. त्याचा जन्मही १९२३ चाच.

एकाच सालात जन्मलेली, शेजारशेजारच्या गावांतली ही दोन मुले. एकाला न्यायालयाने नियम वाकवून वकिली करू दिली. दुसऱ्याला ज्या न्यायालयापुढे उभे केले, तेथे वकिलीला फारसा अर्थच उरलेला नव्हता. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्यास पुरावा नाही. परंतु गुन्हेगारी कायद्यात शिरणाऱ्या त्या पिढीने खटला आणि खटल्याचे सोंग यांतला फरक आपल्या गल्लीत पाहिला होता, एवढे तर खरे.

कराचीत जेठमलानींनी वयाने वडील असलेल्या ए. के. ब्रोही यांच्याबरोबर वकिली थाटली. एक हिंदू, एक मुसलमान, कचेरी एकच. हे ब्रोही पुढे पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले आणि १९७१ साली शेख मुजीबूर रहमान यांच्यावरील खटल्यात बचावाचे वकीलही. फाळणी झाल्यावरही जेठमलानी लगेच निघाले नव्हते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. तेव्हा मात्र आता येथे राहू नकोस, असा सल्ला ब्रोहींनीच दिला आणि फेब्रुवारीत हा चोवीस वर्षांचा वकील मुंबईस आला. आरंभीचे काही दिवस निर्वासितांच्या छावणीत गेले.

निर्वासित बरोबर काय आणू शकतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. जमीनदाराची जमीन मागे राहते, सावकाराची वसुली मागे राहते, दुकानदाराची पेढी जाते. वकिलाची मात्र एक गंमत आहे. १८६० ची दंडसंहिता, १८७२ चा पुरावा कायदा आणि १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता कराचीत जी होती तीच मुंबईत होती. देश तुटला पण कलमांचे आकडे तुटले नाहीत. तीनशे दोन म्हणजे तेव्हा दोन्हीकडे खूनच. तरी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत त्या वेळी सॉलिसिटरमार्फतच काम येई, आणि नवख्या सिंध्याला कोणता सॉलिसिटर ओळखणार? फौजदारी कोर्टाचे दार त्या मानाने उघडे होते. तेथे अशील स्वतः चालत येतो, बहुधा रडत येतो.

आणि अशील होतेच. मुंबई सरकारने निर्वासितांची नोंदणी आणि त्यांचे राहणे-हलणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला होता. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नाही त्यांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लावावा, ही त्यामागची दृष्टी जेठमलानींना संतापजनक वाटली. त्यांनी त्या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ते जिंकले. नंतरच्या मोठमोठ्या खटल्यांपेक्षा आम्हांला या कामाचे मोल अधिक वाटते. छावणीतून नुकता बाहेर पडलेला माणूस सरकारला न्यायालयात जाब विचारतो आणि न्यायालय त्याचे ऐकून घेते!

सर्वसामान्य माणसाला मात्र त्यांचे नाव कळले ते नानावटी खटल्यामुळे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. सारी मुंबई कमांडरांच्या बाजूची. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने तर त्यांना नायकच करून सोडले. मेलेला माणूस सिंधी, त्याच्यासाठी रडणारी एक बहीण. त्या मॅमी आहुजांच्या वतीने जेठमलानी कोर्टात बसले. खटला सरकारी वकिलाचा. यांचे काम लक्ष ठेवण्याचे, मागून चिठ्ठी सरकवण्याचे. परंतु फिर्यादी पक्षाचा एक बिनतोड मुद्दा होता. आहुजा नुकताच न्हाऊन आला होता आणि कमरेला टॉवेल होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असे बचावाचे म्हणणे, मग तो टॉवेल कमरेवरून सुटला कसा नाही?

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. न्यायाधीश मेहता यांना तो निर्णय मुळीच पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे १९६० च्या मार्चमध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा देशातील शेवटचा ज्यूरी-खटला, असे सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी बसत होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा उरली नाही.

या खटल्याचा शेवट पुष्कळांना ठाऊक नसतो. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली आणि त्याच सुमारास भाई प्रताप यांनाही. हे भाई प्रताप म्हणजे कच्छमध्ये निर्वासितांसाठी गांधीधाम वसविणारे सिंधी गृहस्थ. आयात परवान्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती. नानावटींच्या माफीसाठी मृताच्या बहिणीची लेखी संमती हवी होती आणि ती मिळविण्यात जेठमलानींचा हात होता. पारशी समाजाचे समाधान, सिंधी समाजाचे समाधान. यास न्याय म्हणावे की सौदा म्हणावे? आमचे मत विचाराल तर भावाच्या रक्ताची किंमत त्या बहिणीने फार स्वस्तात सोडली.

जेठमलानी साधुपुरुष नव्हते, हेही सांगितले पाहिजे. साठीच्या दशकात ते स्मगलरांचे वकील म्हणून ओळखले जात. हाजी मस्तान त्यांचा अशील होता. १९७१ साली ते आपल्या शेजारच्या उल्हासनगरातून अपक्ष उभे राहिले. शिवसेना आणि जनसंघ या दोघांचा पाठिंबा असूनही पडले. आणीबाणीत सरकारवर टीका केली म्हणून केरळातून त्यांच्या नावे वॉरंट निघाले, तेव्हा नानी पालखीवाला यांच्या पुढारपणाखाली तीनशेहून अधिक वकील त्यांच्यासाठी मुंबई हायकोर्टात उभे राहिले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकेत राजकीय आश्रय घेतला. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्यांदा ते निर्वासित झाले होते. १९७७ मध्ये परतले आणि कायदेमंत्री ह. रा. गोखले यांनाच मुंबईत पराभूत करून लोकसभेत गेले.

इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात केहर सिंग आणि बलबीर सिंग यांचे वकीलपत्र घेण्यास फार थोडे वकील तयार असते. ज्या बाईंच्या राजवटीत आपणांस देश सोडावा लागला तिच्या खुनाच्या आरोपींसाठी जेठमलानी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. ही सूडबुद्धी, असेही लोक म्हणाले. कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे, नाहीतर खटला कशाला चालवावयाचा, ही त्यांची भूमिका होती. सक्खरच्या त्या मुलाचा न्याय कसा झाला, हे ठाऊक असणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार, असे आमच्या मनात येते. केहर सिंग यांना ते वाचवू शकले नाहीत. ६ जानेवारी १९८९ रोजी त्यांना फाशी झाली. बलबीर सिंग यांना खालच्या न्यायालयाने फाशी सांगितली होती, दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ऑगस्टमध्ये पुरावा पुन्हा तपासला आणि बलबीर सिंग सुटून घरी गेले.