पद्मिनी, मिस्त्री आणि आपण : एका जुन्या मोटारीचा न लिहिलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, लढाया, सुलतान आणि सूफी उभे राहतात. मराठी मुसलमानांचा इतिहास सांगायला बसलो की आम्हीही बहमनीपासून निजामशाहीपर्यंत आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत पल्ला गाठतो आणि तिथे थांबतो. पण समाज फक्त राजांमुळे आणि कवींमुळे जगत नाही. तो काय खातो, कशावर बसतो, कोणत्या वाहनाने आजारी माणसाला दवाखान्यात नेतो, हाही त्याचा इतिहासच असतो. आज आम्ही अशाच एका साध्या वस्तूकडे वळतो आहोत. ती म्हणजे आपल्या वाड्यावस्त्यांत, मोहल्ल्यांत, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली कुटुंबाची मोटार. आणि त्यातही प्रामुख्याने फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी.

जुनीच गाडी का, असा प्रश्न आजच्या तरुण वाचकाला पडेल. त्याचे उत्तर केवळ गरिबीत नाही, देशाच्या धोरणात आहे. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकन बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच या धंद्यात राहावे. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात उरल्या मुख्यतः तीन कंपन्या : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

उत्पादन थोडे, परवाने मोजके, किमतीवर सरकारी नियंत्रण. परिणाम असा की नव्या फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर येण्याची वाट पाहावी लागे. ज्याचा नंबर लागला त्याच्या हातची गाडी दुसऱ्या दिवशी जास्त किमतीला जाऊ शकत होती. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, असा उलटा न्याय आपल्या देशाने कित्येक वर्षे पाहिला. ज्याच्याकडे सरकारी कोटा नाही, कंपनीची ओळख नाही, त्याला जुन्या बाजाराशिवाय दार नव्हते. आपले बहुतेक लोक याच दारातून मोटारीच्या जगात शिरले.

आता या गाडीची वंशावळ पाहू. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० चे गोलसर अंगाचे मॉडेल कुर्ल्यात जुळू लागले. तिच्या आकारावरून महाराष्ट्राने तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव बहाल केले. आमच्या घरांतून ते नाव घेताना जीभ अडखळे; आम्ही आपली ‘गोल फियाट’ म्हणून वेळ मारून नेत असू. पुढे एलिगंट, सुपर सिलेक्ट अशी रूपे आली आणि १९६४ पासून चौकोनी अंगाची डिलाइट आली. इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव चितोडच्या पद्मिनीचे. ती पद्मिनी आपल्यापर्यंत पोचली ती १५४० मध्ये अवधीत ‘पद्मावत’ रचणाऱ्या मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या लेखणीतून, हे मात्र गाडी चालवणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ताकद सुमारे चाळीस अश्वशक्तीची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी असे आणि ड्रायव्हरशेजारी दोघे आरामात बसत. मागे अम्मी, फुफी, दोन सुना आणि मांडीवर पोरे. कागदावर पाच माणसांची ही गाडी आपल्याकडे आठ-नऊ जणांना घेऊन निकाहाला जाई, हे कोणीही नाकारणार नाही.

आपल्या समाजात ही गाडी कधी आली? मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत ती आधीच होती. पण श्रीवर्धन, म्हसळा, महाड, खेड, दापोली, चिपळूण, राजापूर या पट्ट्यात तिची खरी आवक १९७३ नंतरची. त्या वर्षी तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामांना ऊत आला आणि आधी जहाजांवर खलाशी म्हणून किंवा आफ्रिकेत रोजगारासाठी जाणारा कोकणी मुसलमान आता कुवेत, दुबई, सौदीकडे निघाला. तो परतताना टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेट आणी. दोन-चार फेऱ्यांनंतर घराला स्लॅब घाली. आणि मग मुंबईहून एखादी जुनी फियाट विकत घेऊन गावी धाडी. किनाऱ्याच्या बोटी मागे पडत चालल्या होत्या, कोकण रेल्वे पूर्णपणे धावायला १९९८ उजाडायचे होते. मधल्या काळात गावातल्या एकुलत्या एक मोटारीचे काम निव्वळ मालकाच्या घरापुरते राहिले नाही. बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची तर तीच गाडी, मय्यतीला दूरच्या पाहुण्यांना आणायचे तर तीच, मुलींना परीक्षेच्या केंद्रावर पोचवायचे तरी तीच. शेजारचे गुरवही ती मागत, कुणबीही मागत. पेट्रोल ज्याचे त्याने घालायचे, हा अलिखित करार.

पण गाडी घेणे सोपे होते, बाळगणे अवघड. मुंबई-गोवा रस्त्यावर कशेडीचा घाट चढताना जुन्या फियाटचे पाणी उकळणे ठरलेले. बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओले फडके टाकून, झाडाखाली अर्धा तास बसायचे. घाईने झाकण उघडणाऱ्याचा हात भाजे. आणि गरम गाडी तशीच रेटणाऱ्याचे हेड गॅस्केट उडे. या गाडीला वेगळी चासी नव्हती, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. समुद्राची खारी हवा आणि कोकणचा पाऊस त्या पत्र्याला आतून खाई. वरून रंग चकचकीत आणि पायाखालच्या मॅटखाली रस्ता दिसतो आहे, अशा गाड्या कमी नव्हत्या.

म्हणूनच गाडी घ्यायला जाताना सोबत मिस्त्री लागे. त्याची परीक्षा ऐकण्यासारखी. गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहायची. मालकाने आधीच चालू करून गरम केली असेल तर परत फिरायचे. धूर निळा आला तर गाडी ऑइल पिते, रिंग-पिस्टन गेले. धूर काळा आला तर पेट्रोल जास्त जाते, कारब्युरेटरचे काम आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून तिथे हात धरायचा. आतून वाफ जोराने ढकलत असेल तर बोअर करावे लागणार. मडगार्डवर बोटांच्या पेरांनी टकटक करायची. आवाज बसका आला की खाली पुट्टी भरली आहे. दरवाजा उघडून किंचित उचलून पाहायचा. बिजागरीत खेळ असेल तर खांब कुजला आहे. जाहिरातीत ‘पारशाची गाडी’ किंवा ‘डॉक्टरने वापरलेली’ असे लिहिलेले असे, पण मिस्त्री जाहिरात वाचत नसे, गाडी वाचत असे.

या मिस्त्रीविषयी इतिहासाने काहीच लिहिलेले नाही. प्रीमियरचा इतिहास लिहिणारे वालचंद शेठजींविषयी लिहितात, ते योग्यच आहे. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी तीस-तीस वर्षे रस्त्यावर ठेवली कोणी? कुर्ला-कालिन्याच्या सी.एस.टी. रोडवर मोडीतल्या गाड्यांचे भाग सोडवणाऱ्यांनी, चोरबाजारात नटबोल्टच्या ढिगातून नेमका बुश शोधून देणाऱ्यांनी, पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टवाल्यांनी आणि गावोगावच्या डेंटर, पेंटर, वेल्डर, लेथवाल्यांनी. यांत हिंदू होते, शीख होते, ख्रिस्ती होते. आणि मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशातील मुसलमान कामगार ज्या धंद्यांत एकवटलेले दाखवले, त्यांत मोटार दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. अहवालाने या वस्तुस्थितीकडे मागासलेपणाचे लक्षण म्हणून पाहिले. नोकरीत जागा नाही, शाळा सुटलेली, म्हणून हातात पाना आला, हे खरेच आहे. पण त्या हातात विद्या होती, हेही तितकेच खरे आहे.

ती विद्या उस्ताद-शागिर्दीची. दहा-बारा वर्षांचा पोरगा आधी चहा आणायचा, मग पाने पुसायचा, मग चाके खोलायचा. पॉइंट घासून त्यांतले अंतर बसवणे, टॅपेटचा आवाज कानाने ओळखणे, पाट्यांची कमान परत आणणे, हे पुस्तकातून नव्हे तर डोळ्यांनी आणि शिव्या खाऊन शिकायचे. बालमजुरीचा हा प्रकार आम्ही गौरवू इच्छित नाही. ज्या पोरांच्या हातात पाटी असायला हवी होती त्यांच्या हातात ग्रीस लागले, ही समाजाची लाजिरवाणी बाब आहे. तरीही त्या ज्ञानाची नोंद व्हायला हवी. लिहून न ठेवलेले ज्ञान एका पिढीत नाहीसे होते.

जुन्या गाडीचा व्यवहार हा मुळात भरवशाचा प्रश्न आहे. विकणाऱ्याला गाडीचे सारे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने नेमक्या जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, दोष लपत असतील तर घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे खराब माल उरतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल सन्मानात वाटा मिळाला. आपल्या फिकहमध्ये हाच प्रश्न शतकानुशतके ‘खियार-ए-ऐब’ या नावाने चर्चिला गेला आहे : सौद्याआधीचा लपलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघड करणारी आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे विचारणारी हदीस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली आहे. पण मोहल्ल्यातला दलाल दोन्हीकडून दलाली घेताना ती आठवत होता का? काही आठवत होते. पुष्कळांनी मीटर मागे फिरवले, हेही लिहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न कागदाचा. आपल्याकडे सौदे जबानीवर झाले. पैसे दिले, चावी घेतली, सही केलेला कोरा फॉर्म खणात ठेवला आणि आर.सी. बुक पहिल्या मालकाच्याच नावावर राहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सर्वांच्या परिचयाचे आहेत. तरी आळस, आर.टी.ओ.ची भीती आणि एजंटाचा खर्च आडवा आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक. म्हणजे आठ वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा दावा आजही दारात येऊ शकतो. जबान ही आपली शान खरी. पण लिखापढी करावी आणि साक्षीदार ठेवावेत, ही ताकीदही आपलीच आहे. ती आपण सोयीने विसरलो.

तिसरा प्रश्न कर्जाचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि वाट पाहण्याचे दिवस हळूहळू सरले. १९९० नंतर हप्त्यावर नवी गाडी मिळू लागली. तेव्हा ज्या घरांनी सूद नको म्हटले, ती रोखीने मिळणाऱ्या जुन्या गाडीपाशीच राहिली. शेजाऱ्याकडे नवी मारुती आणि आपल्याकडे शेजाऱ्याचीच जुनी पद्मिनी, असे चित्र अनेक गल्ल्यांत दिसले. कर्ज घेणाऱ्यांचे बरोबर की न घेणाऱ्यांचे, हा वाद इथे आम्ही काढत नाही. पण आपल्या घरात जुनी गाडी का उभी होती, याचे एक उत्तर श्रद्धेत होते आणि ते गरिबीपेक्षा वेगळे होते, एवढे नोंदवले पाहिजे.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली, फोटो छापले. मधल्या काळात ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. हवा शुद्ध राहावी हे योग्यच. धुरात सर्वात आधी खोकतात ती आपलीच पोरे. पण पाना-पक्कडीवर जगणाऱ्या मिस्त्रीचे काय, हा प्रश्न त्या धोरणाबरोबर कोणी विचारला? आजच्या गाडीचा दोष कॉम्प्युटर सांगतो. ज्याच्या कानाला टॅपेटची भाषा कळे, त्या कानाला आता काम नाही. त्याचा मुलगा आय.टी.आय.त जाऊन ते कॉम्प्युटर शिकला तर धंदा टिकेल. नाहीतर जागा तीच राहील आणि पाटी दुसऱ्याची लागेल.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरात जुने आर.सी. बुक असेल, गॅरेजची बिलांची वही असेल, गाडीपुढे उभ्या कुटुंबाचा फोटो असेल, तर तो रद्दीत टाकू नका. त्यावर साल लिहा, गाव लिहा, गाडी कोणाकडून आली ते लिहा. आणि मोहल्ल्यात एखादा म्हातारा उस्ताद अजून असेल तर त्याच्याजवळ बसून त्याचे काम लिहून घ्या. तो गेला की ते सांगणारे कोणी उरणार नाही. सुलतानांची सनावळी लिहिणारे पुष्कळ आहेत. हे मात्र आपल्यालाच लिहावे लागेल.