एका नांवाखालीं दोन व्याधि

मृत्यूच्या नोंदवहींत रोगाला नांव कोणतें द्यावें, हा प्रश्न वरवर कारकुनी भासतो. पण गर्भाशयाच्या कर्करोगाचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचें गांभीर्य कळतें.

१८४२ मध्यें रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्यानें व्हेरोना शहरांतील १७६० ते १८३९ पर्यंतच्या मृत्यूंची छाननी प्रसिद्ध केली. या रोगानें विवाहिता व विधवा दगावत, मठांतील जोगिणी मात्र क्वचितच, असें त्याला आढळलें. निरीक्षण मोलाचें खरें. परंतु त्या नोंदींत गर्भाशयाचें मुख व त्याचा मुख्य भाग यांत भेदच नव्हता! मुखाचा कर्करोग बहुधा संसर्गजन्य विषाणूमुळें उद्भवतो. आंतील अस्तराचा बहुधा अंतःस्रावांच्या असमतोलाशीं निगडित असून तो निपुत्रिक स्त्रियांतच अधिक. दोन व्याधि एकाच नांवाखालीं नांदत होत्या.

१८९३ मध्यें शिकागो येथें झाक बर्तियाँ यांनीं मृत्युकारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तिच्या १९०९ च्या सुधारणेंत तर सर्व स्त्रीजननेंद्रियांच्या कर्करोगाला मिळून ४२ हा एकच क्रमांक होता. १९४८ च्या सहाव्या आवृत्तींत मुखाला १७१, मुख्य भागाला १७२ आणि जागा न कळविलेल्या रोगाला १७४ असे क्रमांक मिळाले. १९९० मध्यें मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तींत तेच अनुक्रमें सी ५३, सी ५४ व सी ५५ झाले.

यांतील शेवटचें खातें मोठें फसवें. वैद्यानें घाईंत नुसतें ‘गर्भाशयाचा कर्करोग’ लिहिलें, कीं तो मृत्यु तेथें जमा होतो. मुखाचा रोग वेळेवर तपासणी केल्यास टाळतां येतो. पण त्याचेच बळी या खात्यांत दडून राहिल्यामुळें तो आहे त्याहून विरळ भासतो. म्हणून कित्येक संशोधकांना सी ५५ मधील मृत्यु अंदाजानें उरलेल्या दोन खात्यांत वांटून घ्यावे लागतात.