बाजीराव, ‘ए’ आणि ‘द’

इंग्रजांनी 1817 च्या नोव्हेंबरात पुणे घेतले. 1947 साली ते निघून गेले, पण जाताना ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ हे तीन शिपाई मात्र इथेच ठेवून गेले. बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात आजही व्याकरणाची पुस्तके त्यांच्याच जिवावर खपतात.

या तिघांची गाठ पहिला, दुसरा, तिसरा यांच्याशी पडली की बघायलाच नको. क्रम सांगायचा असला की आधी ‘द’ घाला, असे मास्तरांनी आपल्याकडून घोकून घेतले. द फर्स्ट, द सेकंड, द थर्ड. नियम उत्तम आहे, फक्त साहेब तो पाळत नाही! तो खुशाल ‘ए सेकंड कप’ चहा मागतो. म्हणजे काय, तर आणखी एक कप. ‘द सेकंड कप’ म्हटले की कप आधीच मोजून ठेवलेले असतात आणि त्यांतला दोन नंबरचाच हवा असतो.

आपला मराठी ‘दुसरा’ ही दोन्ही कामे एकाच पगारात करतो. लक्ष्मी रस्त्यावर ‘दुसरा सदरा दाखवा’ म्हणा, दुकानदार आणखी एक काढतो. डावीकडून दुसरा शोधत बसत नाही. (काढताना कपाळाला आठी घालतो, ती वेगळी.) ‘तिसरा’ तर आकडाच विसरतो. भांडतात दोघे आणि मार खातो तिसराच.

चहा-सदऱ्यापुरते हे ठीक आहे हो. पण या पेठेत पूर्वी बुधवार वाडा होता, आणि तो बांधला होता दुसऱ्या बाजीरावाने. इथे ‘ए’ की ‘द’ हा प्रश्न राज्याच्या मोलाचा होतो. पहिला बाजीराव पालखेडला निजामाला कोंडणारा, शनिवारवाडा उभारणारा. नातवाने 1802 साली वसईला इंग्रजांशी तह केला आणि 1818 मध्ये राज्य त्यांच्या पदरात घालून, सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्त गाठले. आता एखाद्या तरण्याबांड सेनापतीला ‘ए सेकंड बाजीराव’ म्हटले, तर तो आजोबांच्या तोडीचा झाला, मिशीला पीळ देईल. ‘द सेकंड बाजीराव’ म्हटले, तर तलवार उपसेल! एका अक्षरात माणूस पालखेडहून थेट ब्रह्मावर्तात.

नेताजी पालकरांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणत. याचे इंग्रजी ‘ए सेकंड शिवाजी’. भाषांतरकाराच्या हातून तिथे चुकून ‘द’ पडला, की ताराबाईंचे चिरंजीव येऊन बसले म्हणून समजा, कारण क्रमाने दुसरे शिवाजी तेच. आपल्या पूर्वजांनी ‘प्रति’ शोधून काढला, तो असल्या घोटाळ्याला कंटाळूनच असावा, असा माझा संशय आहे.

बुधवार वाडा 1879 च्या आगीत गेला. पण पेठेतली आणखी एक ‘दुसरी’ मला त्याहून जवळची वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 साली इथल्याच भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि 3 जुलै 1851 ला चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी. या शाळेला मी डोळे मिटून ‘ए’ देईन. ‘द’ लावला की यादी ठरलेली असावी असे वाटते, आणि इथे कसली यादी? लोक अंगावर शेण टाकत होते. एक झाली, आता आणखी एक, एवढाच हिशेब. तशीच मग रास्ता पेठेत झाली, वेताळ पेठेत झाली.

‘द’चा खरा थाट बघायचा तर गणपतीत यावे. पेठेतल्या तांबड्या जोगेश्वरीचा गणपती मानाचा दुसरा. त्यामागचा मानाचा तिसरा, गुरुजी तालमीचा, आपली स्थापना 1887 ची सांगतो. पहिले दोघे 1893 चे. वयाने थोरला, पण मिरवणुकीत तिसरा! कारण मान ग्रामदैवतांना आधी. इथे कॅलेंडर चालत नाही, ‘द’ चालतो. आणि विसर्जनाच्या दिवशी एखादे मंडळ ‘ए थर्ड’ म्हणत मध्येच घुसू लागले, तर त्याला उपपदविचार शिकवायला ढोल-ताशावाले पुरेसे आहेत.