खुकरी: दोन मिनिटांआधीचे सात दिवस

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर भारतीय नौदलाची ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. बुडायला तिला जेमतेम दोन मिनिटे लागली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

सिल्वासाच्या वाचकाला दीव परके नाही. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. खुकरी बुडाली तो समुद्र आता आपल्याच प्रदेशासमोरचा आहे. शेवट सर्वांना ठाऊक आहे. त्या आधीचे सात दिवस मात्र क्रमाने पाहायला हवेत.

२ डिसेंबर, रात्र

भारतीय नौदलाचा पश्चिम ताफा मुंबईहून बाहेर पडतो. त्याच्या वाटेवर, पाण्याखाली, पाकिस्तानची ‘हँगोर’ उभी आहे. फ्रान्सने बांधलेली ही डाफ्ने वर्गाची पाणबुडी. कमांडर अहमद तस्नीम तिचे कप्तान आहेत. भारतीय जहाजांच्या पंख्यांचे आवाज पाणबुडीला जवळून ऐकू येतात.

युद्ध अजून सुरू झालेले नाही. आपणहून हल्ला करण्याची परवानगी तस्नीम यांना नाही. ताफा पुढे निघून जातो. खाली कोण होते याची चाहूल त्याला लागत नाही.

३ डिसेंबर, संध्याकाळ

पाकिस्तानी विमाने भारताच्या हवाईतळांवर बॉम्ब टाकतात. युद्ध सुरू होते. आता हँगोरला मोकळीक आहे, पण ताफा हाती लागण्यासारखा राहिलेला नाही.

भारतीय ताफ्याची खबर देण्यासाठी हँगोरने कराचीला बिनतारी संदेश पाठवला होता. असा संदेश पाठवणाऱ्या पाणबुडीचा ठावठिकाणाही हवेत जातो. भारतीय नौदलाची दिशाशोधक यंत्रणा ते प्रक्षेपण पकडते. दीवच्या नैऋत्येला, सुमारे ३५ मैलांवर शत्रूची पाणबुडी आहे, असा निष्कर्ष निघतो.

४ डिसेंबर, रात्र

‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका कराचीवर हल्ला चढवतात. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडते. ब्लॅकआउटमधल्या मुंबईत त्या विजयाचा आनंद आहे.

याच दिवसांत हँगोर अडचणीत आहे. तिची वातानुकूलन यंत्रणा बिघडली आहे आणि ती दुरुस्त करायची तर पाण्यावर यावे लागणार. मासेमारी होडीसारखी दिसेल अशा बेताने पाणबुडी वर येते आणि सुमारे ३६ तास तशीच राहते. काम पूर्ण होते. ती पुन्हा खाली जाते.

तिला उघड्यावर गाठण्याची संधी एवढीच होती.

८ डिसेंबर

पाणबुडीचा शोध घेऊन तिला नष्ट करण्याची कामगिरी १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनकडे येते. खुकरी आणि ‘कृपाण’ मुंबईहून निघतात. स्क्वाड्रनमधली ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडामुळे बंदरातच आहे. तिघींचे काम दोघींवर आले आहे.

स्क्वाड्रनचे ज्येष्ठ अधिकारी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खुकरीवर आहेत.

खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५८ साली नौदलात आलेली. तिचे घडणेच पाणबुडीविरोधी लढाईसाठी झाले होते. पण घडली ती आधीच्या पिढीच्या पाणबुड्या डोळ्यांसमोर ठेवून. तिच्या ‘लिंबो’ मॉर्टरचा पल्ला सुमारे १००० यार्ड, म्हणजे एक किलोमीटरपेक्षा कमी. पाणबुडीचा टॉर्पेडो त्याच्या कितीतरी पट लांबून येतो.

ऐकण्यातही तीच तफावत. पाण्याखाली शांत राहिलेल्या हँगोरला जहाजांच्या पंख्यांचा आवाज कित्येक मैलांवरून येतो. खुकरीच्या सोनारला तेवढ्या अंतरावरची पाणबुडी सापडत नाही. म्हणजे शोधायला निघालेल्या जहाजाचा पत्ता पाणबुडीला आधी लागणार. मुंबईचा धक्का सोडतानाच हे गणित ठरलेले आहे.

९ डिसेंबर, पहाट

हँगोरच्या सोनारवर दोन युद्धनौका येतात. तस्नीम पाठलाग सुरू करतात. पण डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते, आणि वेग वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरते. जहाजे तिच्या टप्प्याबाहेर जातात.

खुकरीवर याची कोणतीही नोंद होत नाही. तिच्या सोनारवर काहीच आलेले नाही.

दिवसभर

दोन्ही जहाजे समुद्राच्या ठरावीक पट्ट्यात चौकोनी फेऱ्या मारत शोध घेत आहेत. शोधाची ही रूढ पद्धत आहे. तिचा धोका असा, की लांबून काही तास ऐकत राहणाऱ्याला पुढचे वळण कुठे येणार ते कळू लागते.

हँगोर आता पाठलाग करत नाही. जहाजे जिथे परत येतील असा तिचा अंदाज आहे, तिथे जाऊन ती थांबते.

संध्याकाळ

खुकरीवर एक प्रयोग चालू आहे. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने सोनारचा पल्ला वाढवणारे एक जोडयंत्र तयार केले आहे. नौदलाची उणीव नेमकी हीच होती आणि जैन ती भरून काढायला निघाले होते.

या यंत्राला नीट ऐकू यायचे तर जहाजाचा स्वतःचा आवाज कमी हवा. त्यासाठी वेग कमी हवा. पंचवीस नॉटच्या वर जाऊ शकणारी खुकरी सुमारे १२ नॉटने चालते आहे. पाणबुडीचा नेम चुकवण्यासाठी जहाजे नागमोडी जातात. तशी ती आता जात नाही.

निर्णयामागे कारण होते. लांबचे ऐकू आले असते तर जहाज वाचले असते. ते ऐकण्यासाठी मात्र ते संथ आणि सरळ चालवावे लागले.

काफिल्याच्या रक्षणावर बेतलेला ‘ग्रेहाउंड’ हा चित्रपट २०२० साली आला. त्यात टॉम हँक्सचा कप्तान सोनारवर पाणबुडी पकडतो, जहाज तिच्या अंगावर घालतो, पाण्यात स्फोटके टाकतो. ते १९४२ चे अटलांटिक. तिथल्या पाणबुड्या हल्ल्यासाठी बहुतेकदा पाण्यावर येत आणि विनाशिका त्यांच्याहून वेगवान होत्या. १९७१ पर्यंत पारडे फिरले होते. खुकरीच्या कप्तानाला त्या चित्रपटातला पहिला प्रसंगही मिळाला नाही. त्याच्या सोनारवर पाणबुडी आलीच नाही.

रात्री ७ नंतर

मार्गशीर्षातला कृष्णपक्ष. चंद्र उगवायला मध्यरात्र होणार. जहाजांवर दिवे नाहीत.

हँगोर पेरिस्कोप वर काढते. काळोखात काही दिसत नाही. तस्नीम पेरिस्कोप उतरवतात आणि पाणबुडी खोल नेतात. पुढचा हल्ला फक्त कानांच्या भरवशावर होणार. जहाजे त्यांच्याच दिशेने येत आहेत.

पाकिस्तानी घड्याळात ७.५७

भारतीय घड्याळ अर्धा तास पुढे आहे. हँगोर ४० मीटर खोलीवरून पहिला टॉर्पेडो सोडते. लक्ष्य आहे कृपाण. टॉर्पेडो सरळ जातो, जहाजाखालून निघून जातो. स्फोट होत नाही.

पाणबुडीवरचे लोक स्फोटाची वाट पाहतात. तो होत नाही, तेव्हा दुसऱ्या टॉर्पेडोसाठी खुकरीचा नेम धरला जातो.

रात्री ८.४५

आकाशवाणीच्या हिंदी बातम्यांची वेळ. वाचलेल्यांच्या आठवणीत खुकरीवर बातम्या लागल्या होत्या. युद्धाचा सातवा दिवस आहे आणि सगळ्यांना ऐकायचे आहे. जहाजावर अडीचशेहून अधिक माणसे आहेत. त्यांतली पुष्कळ डेकखाली आहेत.

८.५० च्या सुमारास

टॉर्पेडो खुकरीला लागतो. पाकिस्तानी वृत्तांतानुसार स्फोट दारूगोळ्याच्या कोठाराखाली झाला. वीज जाते. जहाज कलू लागते.

कॅप्टन मुल्ला जहाज सोडण्याचा हुकूम देतात. महावीरचक्राच्या मानपत्रात पुढचे नोंदले आहे. त्यांनी शांतपणे, पद्धतशीरपणे माणसांना बाहेर काढले. स्वतःचे जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला दिले. शक्य तितके लोक उतरल्यावर आणखी काही करता येईल का ते पाहायला ते पुन्हा ब्रिजवर गेले. जहाजासोबत पाण्याखाली जाताना ते शेवटचे दिसले.

डेकखाली असलेल्या बहुतेकांना वर यायला वेळच मिळाला नाही. लेफ्टनंट जैनही गेले.

त्यानंतरची मिनिटे

हँगोर तिसरा टॉर्पेडो कृपाणवर सोडते. कृपाण वाचते आणि त्या भागातून दूर जाते. माणसे उचलायला ती तिथेच थांबली असती तर पाणबुडीसमोर दुसरे स्थिर लक्ष्य उभे राहिले असते. खुकरीची वाचलेली माणसे रात्रभर पाण्यात राहतात.

१० डिसेंबर

‘आयएनएस कच्छल’ तिथे पोचते. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक जिवंत मिळतात. एकूण ६७.

हँगोरचा शोध पुढे अनेक दिवस चालतो. जहाजे आणि विमाने समुद्र पिंजून काढतात. पाणबुडी निसटते आणि कराचीला परत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली पहिली युद्धनौका म्हणून खुकरीची नोंद होते.

आज

दीवच्या चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ १९९९ पासून खुकरीचे स्मारक आहे. काचेच्या आवरणात जहाजाची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे. हेच नाव घेऊन १९८९ साली नौदलात आलेली दुसरी खुकरी २०२१ मध्ये निवृत्त झाली. तीही आता दीवमध्ये आहे. सिल्वासाहून सुट्टीला दीवला जाणाऱ्यांनी किल्ला आणि नागवा किनारा पाहताना या दोन्ही जागी मुलांना न्यावे. त्यांना कॅप्टन मुल्लांची गोष्ट सांगावी आणि लेफ्टनंट जैन यांचीही.

मुल्लांच्या धैर्याला देशाने महावीरचक्र दिले, ते योग्यच होते. पण त्या रात्री खुकरीवर उणीव होती ती दूरचे ऐकणाऱ्या सोनारची. ही उणीव नौदलाला आधीपासून माहीत होती. म्हणून तर एक तरुण अधिकारी भर युद्धात, लढत्या जहाजावर ती भरून काढायला बसला होता. ते काम शांततेच्या वर्षांत व्हायला हवे होते. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर, सोनार, टॉर्पेडो यांच्या खरेदीला उशीर झाल्याची बातमी पुन्हा कधी वाचनात आली, तर ती आकड्यांची बातमी म्हणून सोडून देऊ नये. त्या उशिराची किंमत या समुद्रात एकदा १९४ माणसांनी मोजली आहे.